चामखीळ कोणी बरी केली? वनस्पती, औषध आणि लखनौचा धडा

लखनौमध्ये गोमतीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा जुना राजवाडा उभा आहे. अवधच्या नवाबांनी तो बांधला. १८५७ च्या उठावानंतर तिथे इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब आला. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी त्याच वास्तूत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. व्हिटॅमिन डीच्या संशोधनासाठी ख्यातनाम असलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ सर एडवर्ड मेलनबी तिचे पहिले संचालक होते, आणि त्यांच्यानंतर ती धुरा बिष्णुपद मुखर्जी यांनी सांभाळली. नव्या देशासमोरच्या अनेक प्रश्नांपैकी एक प्रश्न या संस्थेच्या वाट्याला आला. शतकानुशतके वापरात असलेल्या वनस्पतींपैकी खरोखर गुणकारी कोणत्या, आणि ते ठरवायचे कसे?

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. तरी त्याचे मर्म समजून घ्यायला एक क्षुल्लक वाटणारा विकार पुरेसा आहे. तो म्हणजे चामखीळ.

चामखिळीवरचे उपाय महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात विचारावेत. कोणी रुईचा चीक लावायला सांगते, कोणी बिब्ब्याचे तेल, कोणी लसूण, कोणी चुना. घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधण्याचा सल्लाही मिळतो. शहरातला त्वचारोगतज्ज्ञ सॅलिसिलिक आम्ल देतो किंवा द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतो. मग घरोघरी वाद सुरू होतो. एका बाजूला ‘झाडपाला’, दुसऱ्या बाजूला ‘केमिकल’. ही दोन वेगळी जगे आहेत, हे वादातल्या दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

चर्मकील ते चामखीळ

‘चामखीळ’ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ या शब्दापासून आला आहे. चर्मकील म्हणजे कातडीत ठोकलेला खिळा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षार तयार करण्याच्या विधीला वाहिलेला आहे. क्षाराने ज्या विकारांवर उपचार करावेत त्यांच्या यादीत चर्मकील आणि मशक ही दोन्ही नावे आढळतात. विधीही तपशिलाने दिला आहे. ठरावीक वनस्पती जाळून त्यांची राख करायची, ती पाण्यात कालवून गाळायची, भाजलेल्या शिंपल्यांचा व चुनखडीचा चुना मिसळून आटवायची. अशा क्षाराचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकार सांगितले आहेत.

आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत ही प्रक्रिया सहज उलगडते. वनस्पतींच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. चुन्याशी त्याची अभिक्रिया झाली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा दाहक अल्कली तयार होतो आणि तो वाढलेली कातडी जाळून काढतो. क्षाराने होणारी आग आंबट पदार्थाने शमते, हेही त्याच अध्यायात नोंदवले आहे. आम्ल आणि अल्कली परस्परांना उदासीन करतात, हे शालेय प्रयोगशाळेतले सत्य त्या निरीक्षणामागे आहे.

म्हणजे हा उपाय वनस्पतीजन्य होता आणि त्याच वेळी पूर्णपणे रासायनिकही होता. त्यात अंदाजाने चोपडण्यास वाव नव्हता, तीव्रतेच्या पायऱ्या होत्या. मूळ ग्रंथात जी सावधगिरी होती ती घरगुती उपायांत मात्र हरवली. रुईच्या चिकात प्रथिने पचवणारी विकरे आणि हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. तो चीक डोळ्यात गेल्यास पारपटलाला इजा होते, आणि अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत. बिब्ब्याच्या तेलातील भिलावनॉल कातडीवर फोड आणि दाह निर्माण करते. एखाद्याच्या कामात ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहेच. कातडीच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरू शकतो.

एक शहर, तीन परंपरा

लखनौ हे शहर या विषयासाठी विशेष महत्त्वाचे आहे. १९०२ मध्ये हकीम अब्दुल अझीज यांनी तिथे तकमील-उत-तिब्ब या युनानी विद्यालयाची स्थापना केली. १९११ मध्ये त्याच शहरात किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण तिथे मिळू लागले. पुढे चाळीस वर्षांनी छत्तर मंझिलमध्ये प्रयोगशाळा उभी राहिली. हकिमाचा नुस्खा, डॉक्टरचे प्रिस्क्रिप्शन आणि रसायनशास्त्रज्ञाची परीक्षानळी ही तिन्ही एकाच शहरात नांदू लागली.

त्याआधी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांच्या शास्त्रीय तपासणीचा पाया घातला होता. १९३० मध्ये नेमलेल्या औषध चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते आणि देशी औषधांवरचा त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लखनौच्या संस्थेने हा वारसा पुढे नेला. १९६० च्या दशकात तिथे भारतीय वनस्पतींच्या सरसकट चाळणीचा मोठा उपक्रम हाती घेण्यात आला. वनस्पती गोळा करायची, तिचा अल्कोहोलमधील अर्क काढायचा आणि जंतू, बुरशी, विषाणू, गाठी, रक्तदाब अशा अनेक कसोट्यांवर तो तपासायचा. १९६८ पासून हे निष्कर्ष शोधनिबंधांच्या मालिकेतून प्रसिद्ध होऊ लागले. कोणत्याही वनस्पतीला तिच्या कीर्तीवरून गुण द्यायचे नाहीत आणि कीर्ती नाही म्हणून बादही करायचे नाही, अशी ही पद्धत होती.

मुंबईतून हिमालयाकडे

चामखिळीवरच्या औषधांच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद वनस्पती हिमालयात उगवते. बनककडी हे तिचे एक नाव, पापडा हे दुसरे. शास्त्रीय नाव पोडोफायलम हेक्झांड्रम, जुन्या ग्रंथांत पोडोफायलम इमोडी. तिची अमेरिकन बहीण मेअॅपल या नावाने ओळखली जाते. मेअॅपलच्या मुळांतून काढलेली राळ पोडोफायलिन या नावाने पाश्चात्त्य वैद्यकात जुलाबाचे औषध म्हणून प्रचलित होती.

हिमालयातील वनस्पतीचा शास्त्रीय परिचय करून देणाऱ्यांत मुंबईचे विल्यम डायमॉक होते. मुंबई सरकारच्या औषध भांडाराचे प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला आणि त्यात या वनस्पतीची नोंद आहे. भारतीय जातीच्या मुळांत राळेचे प्रमाण अमेरिकन जातीपेक्षा बरेच जास्त असते, हे पुढे स्पष्ट झाले. त्या राळेतील पोडोफायलोटॉक्सिन हे मुख्य द्रव्य १८८० मध्येच वेगळे करण्यात आले होते.

१९४२ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील कॅप्लान या डॉक्टरांनी जननेंद्रियांवरील चामखिळींवर पोडोफायलिन लावल्यास त्या झडून जातात, असा अनुभव प्रसिद्ध केला. विशेष म्हणजे त्याच वर्षी पोडोफायलमला अमेरिकन औषधकोशातून वगळण्यात आले, कारण जुलाबासाठी ते फार विषारी ठरत होते. एका दाराने बाहेर पडलेली वनस्पती दुसऱ्या दाराने आत आली. १९४६ मध्ये किंग आणि सुलिव्हन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की पोडोफायलिनचा पेशींवरील परिणाम कोल्चिसिनसारखा आहे. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे सूक्ष्म धागे ट्युब्युलिन या प्रथिनाचे बनलेले असतात. पोडोफायलोटॉक्सिन त्या प्रथिनाला चिकटते, धागे तयार होऊ देत नाही, आणि विभाजन अर्ध्यावर थांबते. चामखिळीच्या पेशी वेगाने विभागत असल्याने त्यांना याचा फटका अधिक बसतो.

मात्र कच्च्या राळेत एक मूलभूत अडचण होती. झाड कुठले, मुळे कोणत्या हंगामात खणली, साठवण कशी झाली, यावर तिची ताकद बदलत असे. ती डॉक्टरनेच लावावी लागे आणि काही तासांत धुऊन टाकावी लागे. मोठ्या भागावर लावल्यास ती रक्तात शोषली जाऊन मज्जासंस्थेवर घातक परिणाम करू शके. गरोदरपणात ती वर्ज्यच होती. १९७८ मध्ये स्वीडनमधील गीर्ट फॉन क्रोग यांनी राळ, शुद्ध पोडोफायलोटॉक्सिन आणि कोल्चिसिन यांची तुलना प्रसिद्ध केली. पुढे ०.५ टक्के शुद्ध पोडोफायलोटॉक्सिनचे द्रावण प्रचारात आले. दिवसातून दोनदा, सलग तीन दिवस, मग चार दिवस विश्रांती, अशा क्रमाने रुग्णाला ते घरीच लावता येते. वनस्पती तीच आणि द्रव्यही तेच. फरक इतकाच की मात्रा निश्चित झाली आणि ज्या राळेसाठी दवाखान्याची वारी करावी लागे, तिची जागा घरी वापरता येईल अशा औषधाने घेतली.

या वनस्पतीची कथा चामखिळीपाशी थांबत नाही. बाझेलमधील सँडोझ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पोडोफायलोटॉक्सिनच्या रेणूत बदल करून एटोपोसाइड घडवले. फुफ्फुस आणि वृषणाच्या कर्करोगावरील या औषधाला अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाली. या यशाची किंमत हिमालयाने मोजली आहे. औषधासाठी मूळच खणावे लागते, त्यामुळे झाड उरत नाही. आज ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निसर्गाला निरुपद्रवी, हा समजही तपासून घ्यावा असाच आहे.

‘केमिकल’चे कूळ

दवाखान्यात मिळणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाचे कूळही झाडाकडेच जाते. त्याचे नावच विलोच्या लॅटिन नावावरून, सॅलिक्सवरून, पडले आहे. विलोच्या सालीतील सॅलिसिनपासून राफाएले पिरिया यांनी १८३८ मध्ये हे आम्ल मिळवले. हेर्मान कोल्बे यांनी त्याचे संश्लेषण साध्य केल्यावर १८७४ पासून ते कारखान्यात बनू लागले. आज बाटलीत असलेल्या आम्लाचा झाडाशी संबंध उरलेला नाही, पण रेणू तोच आहे. झाडातून आलेला आणि कारखान्यातून आलेला रेणू कातडीला वेगळा ओळखता येत नाही.

आपोआप जाणारा आजार

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की प्रश्न सुटला. ‘झाडपाला’ आणि ‘केमिकल’ ही एकाच घराण्याची नावे आहेत, आता कोणताही उपाय चालेल. खरी अडचण इथूनच सुरू होते.

चामखीळ विषाणूमुळे होते. १९०७ मध्ये इटलीतील चुफो यांनी चामखिळीचा गाळलेला, पेशीविरहित अर्क कातडीत घालून नवी चामखीळ निर्माण केली. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू या नावाने तो आज ओळखला जातो. शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्याला ओळखले की चामखीळ उपचाराशिवायच नाहीशी होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅसिंग आणि एपस्टाइन यांच्या अभ्यासात मुलांच्या सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप गेल्याचे आढळले.

या एका वस्तुस्थितीने सारे चित्र बदलते. शंभर मुलांनी दोन वर्षे रोज चामखिळीवर नुसते नळाचे पाणी लावले, तरी साठाहून अधिक घरांत ‘पाण्याने गुण आला’ असे प्रामाणिकपणे सांगितले जाईल. रुईचा चीक, मंत्रलेला दोरा, गोळी, मलम यांपैकी जे शेवटी वापरले त्याला श्रेय मिळते. इथे कोणी खोटे बोलत नाही. तुलनेसाठी काही लावलेच नाही अशी मुले समोर नसतात, एवढाच दोष असतो.

ती तुलना केली की प्रस्थापित उपचारांचेही तेज थोडे उतरते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सहा चाचण्यांची गोळाबेरीज केली गेली. सॅलिसिलिक आम्ल वापरणाऱ्यांत ७५ टक्के बरे झाले, आणि तुलनेच्या गटातही ४८ टक्के बरे झाले. औषधाचे खरे श्रेय ७५ टक्के नव्हे, मधल्या फरकाइतकेच आहे. नेदरलँड्समध्ये २५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेरा आठवड्यांनंतर द्रव नायट्रोजनने ३९ टक्के, सॅलिसिलिक आम्लाने २४ टक्के आणि नुसती वाट पाहून १६ टक्के रुग्ण बरे झाले. तळपायाच्या चामखिळींवर ब्रिटनमध्ये झालेल्या २०११ च्या चाचणीत मात्र नायट्रोजन आणि आम्ल दोन्हींचा निकाल सारखाच आला. बारा आठवड्यांनी प्रत्येकी १४ टक्के. महागडा उपचार म्हणजे अधिक गुणकारी उपचार, हेही दरवेळी खरे ठरत नाही.

याच तराजूत पर्यायी उपचारही घालून पाहिले गेले आहेत. थुजा या वृक्षापासूनचे होमिओपॅथिक औषध चामखिळीवर सर्रास दिले जाते. १९९२ मध्ये कॅनडात थुजासह तीन होमिओपॅथिक औषधे एकत्रितपणे तळपायाच्या चामखिळींवर तपासण्यात आली. अठरा आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांत २० टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत २४.४ टक्के बरे झाले. म्हणजे औषधाचा वेगळा परिणाम दिसला नाही.

उलट उदाहरणही आहे. हिरव्या चहाच्या पानांतील कॅटेचिनयुक्त अर्काच्या मलमाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये जननेंद्रियांच्या चामखिळींसाठी मान्यता दिली. वनस्पतीचा संमिश्र अर्क म्हणून त्या प्रशासनाने मान्य केलेले ते पहिले प्रिस्क्रिप्शन औषध होते. चाचण्यांत मलम वापरणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के आणि नुसता लेप वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के पूर्ण बरे झाले. थुजा आणि चहा, दोन्ही वनस्पतीच. एक कसोटीवर टिकली नाही, दुसरी टिकली. ‘वनस्पती’ या शब्दावरून यांपैकी काहीही आधी सांगता आले नसते.

लखनौचा धडा

कसोटी एकदा पार पडली म्हणजे काम संपले, असेही नाही. हा धडा लखनौच्या संस्थेच्याच इतिहासात आहे, जरी त्याचा विषय चामखीळ नसून कोलेस्टेरॉल आहे. आयुर्वेदातील गुग्गुळापासून संस्थेने गुग्गुलिपिड हे प्रमाणित औषध विकसित केले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतीय बाजारात आले. भारतातील चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक होते. २००३ मध्ये मात्र अमेरिकेत १०३ जणांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत घातक मानले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडे वाढलेले आढळले. आहार वेगळा, लोक वेगळे, मात्रा वेगळी अशी कारणे पुढे आली आणि वाद चालू राहिला.

ही संस्थेची नामुष्की मानण्याचे कारण नाही. गुग्गुळाचा अर्क प्रमाणित झाला होता, त्यात काय आणि किती आहे हे ठाऊक होते, म्हणूनच दुसऱ्या देशातील शास्त्रज्ञ तो दावा पुन्हा तपासू शकले. ज्या चूर्णात काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, ते कधीच चुकीचे ठरत नाही, आणि म्हणून कधी बरोबरही ठरू शकत नाही. खंडनास पात्र होणे ही औषधाने विज्ञानाच्या दारी मिळवलेली पहिली पदवी आहे.

चामखिळीबाबत यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष साधा आहे. मुलाच्या बोटावरची न दुखणारी चामखीळ काही महिने तशीच राहू देणे हा आळस नसून आकड्यांचा आधार असलेला निर्णय आहे. औषध लावायचे तर प्रमाण माहीत असलेले लावावे. चीक, बिब्बा आणि चुना चेहऱ्यापासून, डोळ्यांपासून आणि नाजूक त्वचेपासून दूर ठेवावेत. मधुमेह असलेल्यांनी पायावर घरगुती प्रयोग करूच नयेत. जननेंद्रियांवरची किंवा रक्त येणारी, रंग बदलणारी, झपाट्याने वाढणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी, कारण प्रत्येक उंचवटा चामखीळ नसतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी यात आणखी एक सूचना आहे. कोणी ‘या पाल्याने माझी चामखीळ गेली’ असे सांगितले तर त्याला हसू नये आणि लगेच मान्यही करू नये. त्या माणसाने एक निरीक्षण मांडले आहे. बनककडीपासून एटोपोसाइडपर्यंतची वाट अशाच निरीक्षणांनी सुरू झाली होती. त्या निरीक्षणाला दुसरा गट जोडायचा, मात्रा मोजायची, मुदत ठरवायची आणि येणारा निकाल आवडो वा न आवडो, छापायचा. छत्तर मंझिलमध्ये १९५१ साली हेच काम सुरू झाले. संस्था आता लखनौच्याच जानकीपुरम भागातील नव्या आवारात आहे, आणि भारतीय वनस्पतींपैकी पुष्कळांची मोजणी अजून बाकी आहे.